तिथे बघण्यासारखं काय आहे?

आमच्या टीममध्ये सध्या काप्रीची साथ आलीय. दोघं जाऊन आले, तिसऱ्याची व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या बुधवारी आहे, आणि जिला कोकणात फेरीबोट लागते तीसुद्धा नेपल्सहून सुटणाऱ्या बोटींचं वेळापत्रक बघत बसलेली असते. जेवणाच्या टेबलावर रोज तेच. निळी गुहा, लिंबांच्या बागा, तो चौक, ती कॉफी, कॉफीची किंमत. तर असंच बोलताबोलता एकाने मला विचारलं, "तुझं गाव नांदेडकडे ना रे?"

"हिंगोली."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, औंढा नागनाथ.

"अच्छा, ते ज्योतिर्लिंग! ते झालंय आमचं."

झालंय आमचं. तिकीट क्लोज्ड, स्टेटस डन. आजचा हा वीकांती लेख या दोन शब्दांवर आहे.

आधीच सांगून टाकतो, हा 'परदेश कशाला, आपल्याकडे काय कमी आहे' छापाचा लेख नाही. ते लेख मला वाचवत नाहीत, लिहवणार तर नाहीतच. मी स्वतः काप्रीला गेलोय. जर्मनीत ऑनसाईट असताना एका जोडसुट्टीत नेपल्स गाठलं होतं, तिथून बोटीने तासाभराच्या आत काप्री. मला ते बेट मनापासून आवडलं. जेमतेम दहा चौरस किलोमीटरची जागा, म्हणजे पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढी, पण चुनखडीचे कडे थेट पाण्यात उतरलेले. अनाकाप्रीहून माँते सोलारोला नेणारा एकएकट्याच्या खुर्च्यांचा रोपवे आहे, त्यात पाय लोंबकळत ५८९ मीटरवर पोचलो तेव्हा खालचं पाणी बघून मीही तेच म्हणालो जे सगळे म्हणतात. म्हणजे काहीच म्हणालो नाही, फोटो काढला.

आणि ती निळी गुहा. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढे लागणार आहे. गुहेचं तोंड पाण्यापासून मीटरभर उंच. मोठ्या बोटीतून उतरून छोट्या होडीत बसायचं, तिचं वेगळं तिकीट, मग होडीत चक्क आडवं व्हायचं. नावाडी भिंतीला लावलेली साखळी धरून लाटेचा अंदाज घेतो आणि एका हिसक्यात होडी आत. आत पाचेक मिनिटं. पाणी खालून दिवा लावल्यासारखं निळं दिसतं, कारण दिसणाऱ्या तोंडाच्या खाली पाण्यात दुसरं मोठं भोक आहे. प्रकाश तिथून पाण्यातून गाळून येतो आणि लाल रंग वाटेतच शोषला जातो. नावाडी गाणं म्हणतो, बक्षिसी मागतो, आपण बाहेर. समुद्र खवळला तर गुहा बंद.

आता यातली गंमत बघा. ही गुहा काही कुणी परवा खणली नाही. रोमन लोकांना ती माहीत होती. १९६४ साली तिच्या तळातून रोमन काळातले पुतळे काढले, ते आज अनाकाप्रीच्या संग्रहालयात आहेत. नंतरच्या शतकांत गावच्या कोळ्यांनाही ती माहीतच होती, पण आत सैतान राहतो म्हणून ते तिकडे फिरकत नसत. मग १८२६ साली आउगुस्ट कोपिश नावाचा एक जर्मन कवी-चित्रकार आला. गावातल्या खानावळवाल्याला आणि एका कोळ्याला बरोबर घेऊन पोहत आत गेला आणि १८३८ मध्ये त्याने ती हकीकत लिहिली. झालं. युरोपभरचे लोक यायला लागले. 'शोधली' असा शब्द आता सगळीकडे वापरतात, पण खरं तर त्याने शोधलं काहीच नाही. त्याने 'इथे बघा' एवढंच सांगितलं.

त्यानंतर हेच होत राहिलं. गॉर्की १९०६ ते १९१३ तिथे राहिला, लेनिन त्याला भेटायला दोनदा येऊन गेला. आक्सेल मुंटे नावाच्या स्वीडिश डॉक्टरने तिथे घर बांधलं आणि १९२९ साली त्या घराच्या नावाने आठवणींचं पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं. नेरुदा १९५२ मध्ये राहून गेला. १९६३ मध्ये गोदारने तिथल्या एका लाल घराच्या गच्चीवर सिनेमा चित्रित केला. ग्लॅमर ग्लॅमर म्हणतात ते हे. निळं पाणी भूमध्य समुद्रात सगळीकडेच आहे. काप्रीजवळ जास्तीचं काय आहे, तर तिथे राहून, टक लावून बघून इतरांना सांगणाऱ्या माणसांची दोनशे वर्षांची रांग. आपण जातो तेव्हा आपले डोळे आधीच तयार झालेले असतात. कुठे बघायचं, किती वेळ थांबायचं, कुठल्या कड्यावरून टायबेरियस बादशहा लोकांना ढकलून द्यायचा (इतिहासकारांना या गोष्टीबद्दल बराच संशय आहे, पण गाईडांना नाही), सगळं पाठ.

औंढ्याला जाणाऱ्या माणसाला काय पाठ असतं? रांग किती वेळाची आहे आणि अभिषेकाची पावती कुठे मिळते.

महाराष्ट्रातली पाच ज्योतिर्लिंगं तीन-चार दिवसांत उरकणाऱ्या सहली तुम्हाला माहीत असतीलच. भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, औंढा, परळी. त्यात औंढा आणि परळी हे साधारण एकाच दिवसात बसवलेले असतात आणि मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर. औंढ्याच्या वाट्याला तासभर आला तरी खूप. बस थांबते, चपला काढतात, रांग, दर्शन, चहा, बस. ज्यांचं 'झालंय' ते असं झालेलं असतं.

तर जे औंढा 'झालंय' ते प्रत्यक्षात काय आहे?

हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर तालुक्याचं गाव. (हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या दाखल्यांवर एक आणि आधारवर दुसरा जिल्हा असतो, तो वेगळाच विनोद.) बाहेरून बघाल तर किल्ल्यासारखा उंच कोट आणि त्याच्या आत मोठं प्रांगण. मधोमध देऊळ, आणि ते देऊळ म्हणजे दोन देवळं एकावर एक ठेवल्यासारखं आहे. खालचा भाग काळ्या दगडाचा, देवगिरीच्या यादवांच्या काळातला, तेराव्या शतकाच्या आसपासचा. ज्याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो तो, चुना न वापरता दगडात दगड अडकवून रचलेला. हे नाव यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याच्यावरून पडलं. वरचा भाग मात्र पांढरा, गिलावा केलेला, खूप नंतर पेशवाईच्या धाटणीने दुरुस्त केलेला. मधल्या काळात देऊळ पाडलं गेलं. लोक औरंगजेबाचं नाव सांगतात आणि जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना देतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड तेराव्या शतकातला आणि फ्रंटएंड पाचशे वर्षांनी नवा लिहिलेला. अशा सिस्टिममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, जोडाची जागा कळण्यातच निम्मी मजा असते. इथे तो जोड नुसत्या डोळ्यांनी दिसतो. काळा दगड संपतो, पांढरं सुरू होतं. तुम्ही तिथे उभं राहून पाचशे वर्षांची फट बघत असता.

खालच्या काळ्या भागाचा आराखडा चौकोनी नाही. भिंत सारखी आत-बाहेर मोडत जाते, ताऱ्याला असावेत तसे कोन. त्यामुळे होतं काय, की भिंतीचा प्रत्येक तुकडा सूर्याकडे वेगळ्या तिरकसपणे बघतो. सकाळी एका बाजूच्या मूर्ती उजळतात तेव्हा शेजारच्याच सावलीत असतात, आणि तासाभरात पाळी बदलते. जोत्यावर हत्तींची रांग आहे. वर देव, देवी, नर्तकी, कैलास हलवणारा रावण, आणि एक अर्धनारी नटेश्वर, ज्याच्यासमोर मी दर वेळी थांबतो. बऱ्याच मूर्तींची तोंडं आणि हात फोडलेले आहेत. तरी कमरेचा बाक, पावलाचा टेकू शिल्लक आहे, आणि नाच कळायला तेवढं पुरतं.

आणि गाभारा. मुख्य लिंग जमिनीखाली आहे. सभामंडपातून एका अरुंद भोकातून, उंच उंच पायऱ्यांवरून अंग चोरत खाली उतरायचं. खाली छत इतकं जवळ की उंच माणसाला धड उभं राहता येत नाही. एका वेळी थोडीच माणसं मावतात. हवा दमट, गरम, बेलाच्या पानांचा आणि तुपाच्या दिव्याचा वास. मिनिटभर, फार तर दोन, आणि वरून हाक येते, चला, पुढे चला.

काप्रीच्या होडीत आडवा पडलो होतो तेव्हा मला हेच आठवलं होतं. तिथेही अंग चोरून आत, तिथेही काही मिनिटं, तिथेही 'चला पुढे'. फरक एवढाच की तिथून बाहेर आलेला प्रत्येक जण पुढचे सहा महिने तो प्रसंग रंगवून सांगतो, आणि औंढ्याच्या गाभाऱ्यातून बाहेर आलेला म्हणतो, फार गर्दी होती बुवा.

मागच्या हिवाळ्यात नांदेडला एक लग्न होतं. टीममधली एक मैत्रीण, तिचा नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा आले होते, त्यांना परत जाताना औंढ्याला नेलं. काप्रीचे तिच्या फोनमध्ये सहाशे फोटो आहेत, मी मोजलेत, म्हणजे तिने दाखवलेत. दर्शन झालं, पस्तिसाव्या मिनिटाला नवरा म्हणाला, "चला, निघू या?" मी म्हटलं एक चक्कर मारू, बाहेरून. मुलाला काम दिलं, हत्ती मोज. तो मोजायला लागला. मध्येच ओरडला, "काका, सगळे सेम नाहीयेत! याने सोंडेत काहीतरी धरलंय!" मग तो मोजणं विसरला आणि वेगळे हत्ती शोधायला लागला. आई-बाप त्याच्यामागे. दीड तास गेला. मागच्या बाजूला बेल-फुलं घेऊन बसलेली एक म्हातारी त्याला म्हणाली, "नंदी पाह्यला का लेकरा? सगळे पुढूनच जातेत, मागं कुनी येत नाही."

नंदीचं काय आहे, तर तो मागच्या बाजूला आहे. शंकराच्या कुठल्याही देवळात नंदी देवासमोर असतो, दाराकडे तोंड करून. इथे नाही. आणि का नाही, याची जी गोष्ट आहे ती मराठी माणसाने पाठच करायला हवी असं माझं मत आहे.

नामदेव या देवळात कीर्तन करत होते. जातीने शिंपी. पुढे बसलेल्या ब्राह्मणांनी हरकत घेतली, तू इथून ऊठ. नामदेव उठले, देवळाच्या मागे जाऊन बसले आणि तिथे कीर्तन सुरू केलं. तर देऊळच फिरलं. दार नामदेवांकडे झालं, पाठ पुढच्यांकडे. नंदी होता तिथेच राहिला. ही गोष्ट फक्त गावकऱ्यांच्या तोंडी नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातल्या एका पदात देवळातून हाकलल्याची आणि देऊळ फिरल्याची हीच हकीकत आहे, जातीच्या उल्लेखासकट. पदात गावाचं नाव नाही, पण औंढ्यात कुणाला ते विचारायची गरज वाटत नाही.

दुसरी गोष्ट विसोबा खेचरांची. गुरू शोधत नामदेव इथे आले तर हा म्हातारा खुशाल पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, मला काही हलवत नाही, जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी जिथे पाय ठेवावा तिथे पिंड.

या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघा. एकीत देव हाकललेल्या माणसाकडे वळतो. दुसरीत विचारलंय की देव सगळीकडे असेल तर हे देऊळ कशाला. आणि दोन्ही त्याच देवळात सांगतात! एवढा आत्मविश्वास असलेली किती देवस्थानं तुम्हाला माहीत आहेत? नामदेवांचं नरसी हे गावही याच जिल्ह्यात, हिंगोलीच्या पलीकडे कयाधू नदीच्या काठी. तिथे गुरुद्वाराही आहे. नामदेवांमुळे पंजाबातलं घुमान आपल्याला कळलं, २०१५ साली साहित्य संमेलनही तिथे भरलं. तेव्हा घुमानला गेलेल्या लोकांपैकी नरसीला जाऊन आलेले किती, हा प्रश्न मी दोघातिघांना विचारला आणि मग विचारणं सोडून दिलं. असो.

मूळ मुद्द्याकडे येतो. टायबेरियसची कपोलकल्पित कडेलोट गोष्ट आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना माहीत आहे. देऊळ फिरल्याची गोष्ट सहापैकी एकाला माहीत होती, तो मी. हा माहितीचा अभाव नाही, माहिती तर खिशात असते. दर्शन आणि बघणं या आपण दोन वेगळ्या गोष्टी करून टाकल्यात. दर्शन डोळे मिटून घ्यायचं आणि बघायला पासपोर्ट लागतो. देवळात कोरीवकाम न्याहाळत उभं राहणारा माणूस आपल्याला थोडा आगाऊ वाटतो, रांग अडवणारा वाटतो. आणि सहलीला गेल्यावर हात जोडणारा थोडा गावंढळ वाटतो. ज्यांनी ती भिंत घडवली त्यांना हा फरक माहीत नसावा. नुसतं दर्शनच द्यायचं असतं तर चार सरळ भिंती पुरल्या असत्या. इतके कोन, इतक्या मूर्ती, तेही बाहेरच्या अंगाला? प्रदक्षिणा घालणाऱ्याने सावकाश बघत बघत जावं म्हणूनच तो सगळा खटाटोप आहे.

यावर नेहमीची दोन उत्तरं येतात. पहिलं, आपल्याकडे सोयी नाहीत, स्वच्छता नाही. खरं आहे, आणि बायकांच्या बाबतीत तर फारच खरं आहे. पण ज्यांनी हम्पीत उन्हात दिवस काढलेत आणि लडाखमध्ये काय काय सहन केलंय, त्यांनी हे कारण मला सांगू नये. मनात असलं की आपण कुठेही जातो. दुसरं उत्तर, हे खरं ज्योतिर्लिंग नाहीच, खरं द्वारकेजवळचं. उत्तराखंडातल्या जागेश्वरचाही दावा आहेच. एका नावाच्या तीन ब्रांच आहेत आणि मर्ज करायचा अधिकार कुणाकडेच नाही. पण हा वाद रांगेत उभं राहणाऱ्याचा आहे. अर्धनारी नटेश्वराच्या कमरेचा बाक त्याने बदलत नाही.

आता एवढी घाई का करतोय ते सांगतो. औंढ्याजवळच्या दुधाळा गावात लायगो-इंडिया होतंय. गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपये मंजूर केले. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत निर्वात नळीत लेसर. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश जेवढं ताणलं जातं तेवढं हे यंत्र मोजणार, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक. अमेरिकेत अशा दोन आहेत, इटलीत पिसाजवळ एक आहे, जपानात एक. २०३० च्या आसपास इथली सुरू व्हावी असं उद्दिष्ट आहे.

ही जागा निवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे इथे जमीन शांत आहे. समुद्र लांब, मोठे कारखाने नाहीत, सतत धडधडणारं फारसं काही नाही. आमच्या हिंगोलीकरांचा जुना विनोद आहे की इथे काही हलत नाही, फाईलसुद्धा. तर शास्त्रज्ञांनी येऊन मोजलं आणि ते जवळपास प्रमाणित करून दिलं. (भूकंप अजिबात होत नाहीत असं मात्र नाही. २०२४ मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोलीत ४.५ चे धक्के बसले. पण अशा वेधशाळेला कधीमधी येणाऱ्या धक्क्यापेक्षा रोजची बारीक थरथर जास्त छळते.) आणि हे सगळं कुठे, तर जिथे एका शिंप्यासाठी आख्खं देऊळ फिरलं म्हणतात तिथे. एवढा योगायोग मी कथेत घातला असता तर संपादकाने काढून टाकला असता.

म्हणजे काही वर्षांत जगभरातले लोक इथे येणार. काही कामासाठी, काही सहज. ते विचारणार, इथे बघण्यासारखं काय आहे? तेव्हा उत्तर तयार असलं तर ते कुणी लिहिलेलं असेल? माझी धास्ती ही आहे की ते कुठल्यातरी सहल कंपनीच्या इंटर्नने एका दुपारी लिहिलेलं असेल. नामदेवांची गोष्ट त्यात 'स्थानिक दंतकथा' म्हणून दीड ओळीत येईल, जात तर गाळलीच जाईल, कारण जाहिरातीत ती बरी दिसत नाही. कोपिशने गुहेबद्दल लिहिलं तेव्हा कोळ्यांचा सैतान निदान गोष्टीत राहिला. पहिल्यांदा कोण लिहितो यावर पुढच्या शंभर वर्षांत काय बघितलं जाणार हे ठरतं.

मला औंढ्याची काप्री व्हायला नकोय, हेही सांगायला हवं. काप्रीचं पूर्ण बेट मिळून तेरा-चौदा हजार लोक राहतात आणि उन्हाळ्यात एका दिवसात त्याहून जास्त प्रवासी उतरतात. २०२४ मध्ये त्यांनी एप्रिल ते ऑक्टोबरसाठी प्रवाशांकडून घ्यायचा कर अडीच युरोवरून पाच केला. त्याच वर्षी जूनमध्ये मुख्य भूमीवरून येणारं पाणी बंद पडलं तर महापौरांना प्रवाशांना बेटावर यायला बंदी करावी लागली, निघालेल्या बोटी परतल्या. मराठवाड्याच्या माणसाला ही बातमी समजावून सांगावी लागत नाही. तिथे टायबेरियसच्या राजवाड्याचे अवशेष आहेत, व्हिला योविस, चौकापासून पाऊण तासाची चढण, त्यामुळे गर्दी कमी. त्या राजवाड्याच्या मधोमध दिवाणखाना नाही, पावसाचं पाणी साठवायचे प्रचंड हौद आहेत. सगळं घर हौदांभोवती बांधलंय, कारण बेटावर पुरेसं पाणीच नाही. साम्राज्याचा मालक, पण आधी पाणी साठवलं. मला सगळ्या काप्रीत ते हौद सगळ्यात जास्त आवडले. टीममधल्या दोघांनी ते बघितलेच नाहीत, कारण ते 'पॉइंट'मध्ये नव्हते.

हा 'पॉइंट' शब्द आपण माथेरान-महाबळेश्वरला शिकलो आणि जगभर घेऊन गेलो. औंढ्याला एकच पॉइंट आहे, तो जमिनीखाली आहे, आणि तिथे मिनिटभर थांबू देतात. म्हणून 'झालं' वाटतं. बाकीचं देऊळ जमिनीच्या वर आहे आणि तिथे कुणी हाकलत नाही.

जायचं असेल तर श्रावण आणि महाशिवरात्र टाळा. यात्रेची, रथोत्सवाची मजा वेगळी आहे, पण त्या दिवसांत भिंत बघता येत नाही, माणसंच दिसतात. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पुण्या-मुंबईहून रात्रीची गाडी धरून नांदेड, परभणी किंवा हिंगोली गाठा आणि सकाळी आठच्या आत कोटाच्या आत असा, तेव्हा ऊन आडवं असतं. दर्शन आधी उरका, म्हणजे मन मोकळं होतं. मग बाहेरून दोन प्रदक्षिणा, पहिली खाली बघत, हत्तींसाठी, दुसरी मान वर करून. लहान मूल बरोबर असेल तर त्याला पुढे घाला. दुपारी नरसीला जा. तिथून निघायला उशीर झाला तर हिंगोलीतच मुक्काम करा, रात्री नांदेडकडे पळत सुटू नका. त्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्या मागच्या ट्रॉलीला दिवे नसतात.